विकर आणि भांडे : उजव्या-डाव्या रेणूंच्या विलगीकरणाचा इतिहास, पेण-रोह्याच्या वाटेने

१/
इतिहासाच्या वाचकाला पेण आणि रोहे ही गावे वेगळ्या कारणांनी परिचित असतात. पेण म्हटले की गणेशमूर्ती आणि मिठागरे आठवतात; रोहे म्हटले की कुंडलिका नदी, चिंतामणराव देशमुखांचे बालपण आणि कोकण रेल्वेचा आरंभबिंदू. रोह्यालगतच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडे मात्र इतिहासाचा विषय म्हणून क्वचितच पाहिले जाते. प्रस्तुत धाग्यात एक रासायनिक प्रश्न घेतला आहे. परस्परांची प्रतिबिंबे असणारे दोन रेणू विकराच्या साहाय्याने वेगळे करताना, ते काम कोणत्या प्रकारच्या भांड्यात केले याने काय फरक पडतो? या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम दोन शब्दांचा खुलासा. विकर म्हणजे एन्झाइम: सजीवांच्या पेशींत तयार होणारे, एखादी रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. दुसरा शब्द रिअ‍ॅक्टर. मराठी वर्तमानपत्रांमुळे हा शब्द ऐकताच अणुभट्टी डोळ्यांसमोर येते. रासायनिक कारखान्यात मात्र ज्या भांड्यात क्रिया घडते ते प्रत्येक भांडे रिअ‍ॅक्टरच. बहुधा ते पोलादाचे किंवा आतून काचेचे अस्तर दिलेले असते. बाहेरून वाफ किंवा थंड पाणी फिरवण्याची सोय असते आणि वरून मोटारीवर चालणारा ढवळणारा दांडा आत सोडलेला असतो. आपल्या कथेतील एक पात्र विकर आहे आणि दुसरे हे भांडे.

३/
आता रेणूंच्या उजवे-डावेपणाकडे वळू. पेणच्या कारखान्यात डाव्या सोंडेची एक मूर्ती आरशासमोर ठेवली असे समजा. आरशात ती उजव्या सोंडेची दिसेल आणि एका हातातील मोदक दुसऱ्या हातात गेलेला दिसेल. माती तीच, वजन तेच, अवयवांमधील अंतरेही तीच. तरीही मूळ मूर्ती कशीही फिरवली तरी ती प्रतिबिंबाशी तंतोतंत जुळणार नाही. डाव्या सोंडेच्या साच्यातून उजव्या सोंडेचा गणपती कधीही निघत नाही. काही रेणूंची घडण अशीच असते. अशा रेणूंना कायरल रेणू म्हणतात. हा शब्द हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. साध्या रासायनिक क्रियेत दोन्ही रूपे निम्मी-निम्मी तयार होतात. या मिश्रणाचे नाव रेसेमिक मिश्रण.

४/
हा भेद सूक्ष्म असला तरी त्याचे परिणाम माणसाच्या शरीरावर होतात, कारण शरीरातील प्रथिने बहुतांशी एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. १९६७ साली जॉर्ज कोत्झियास यांनी कंपवाताच्या रुग्णांना डोपा हे द्रव्य मोठ्या मात्रेत दिले. ते दोन्ही रूपांचे मिश्रण होते. रुग्णांची हालचाल सुधारली. पण काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशींवर अनिष्ट परिणाम दिसला. पुढे केवळ डावे रूप, म्हणजे लेव्होडोपा, वापरल्यावर कमी मात्रेत काम भागू लागले आणि तो विशिष्ट त्रास टळला. एखाद्या रुग्णाचा हात स्थिर राहावा यासाठी कुठेतरी, कोणत्या तरी भांड्यात, दोन रूपे वेगळी करणे अनिवार्य झाले.

५/
निसर्ग ही निवड सहज करतो. रायगडच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या वेली दिसतात. त्यांच्या शेंगांवरील लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. याच वनस्पतीच्या बियांत डोपा असतो, आणि तो केवळ डावा. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी खाजकुयलीच्या बियांतून तो वेगळा करून दाखवला होता. वेलीच्या पेशींतील विकरे एकाच हाताचा रेणू घडवतात. कारखान्यापुढील प्रश्न उलटा असतो: दोन्ही हातांचे रेणू आधीच एकत्र झालेले आहेत, आता त्यांतील एक निवडायचा कसा?

६/
या प्रश्नाचा उगम प्रयोगशाळेत शोधण्याची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात तो एका कारखान्यात सापडतो. अल्सास प्रांतातील थान या गावी केस्टनर यांचा रासायनिक कारखाना होता. तेथे द्राक्षमद्याच्या पिंपांत साचणाऱ्या खरापासून टार्टारिक आम्ल तयार करीत. १८२० च्या सुमारास तेथे एक चमत्कारिक द्रव्य मिळाले. घटक सर्व टार्टारिक आम्लाचेच, पण गुणधर्म निराळे. टार्टारिक आम्लाच्या द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची पातळी उजवीकडे वळते. या नव्या द्रव्यात ती मुळीच वळत नव्हती. रेसेमिक हे विशेषण याच आम्लाच्या नावावरून आले आहे, आणि त्या नावाचे मूळ द्राक्षांचा घड या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे.

७/
१८४८ साली लुई पाश्चर यांनी या कोड्याची उकल केली. त्या वेळी ते २५ वर्षांचे होते. या आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्यांनी भिंगाखाली पाहिले तेव्हा दोन प्रकारचे स्फटिक दिसले, एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे. त्यांनी ते एकेक करून वेगळे केले आणि पाण्यात विरघळवले. एका द्रावणाने प्रकाश उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तितकाच डावीकडे. वयोवृद्ध शास्त्रज्ञ ज्याँ-बातिस्त बियो यांनी हा प्रयोग स्वतःच्या देखरेखीखाली पुन्हा करवून घेतला. या यशात परिस्थितीचाही वाटा होता. हे स्फटिक वेगवेगळे पडण्यासाठी द्रावण थंड लागते. साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर दोन्ही रूपे एकाच स्फटिकात बसतात. कोकणातील चैत्र-वैशाखात हा प्रयोग साधला नसता.

८/
चिमट्याने स्फटिक निवडणे ही काही कारखान्याची रीत होऊ शकत नाही. पुढची वाट पाश्चर यांनाच दिसली. १८५८ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आले की अशा मिश्रणाच्या द्रावणात वाढणारे सूक्ष्मजीव उजवे रूप खातात आणि डावे मागे ठेवतात. सजीवांना दोन हातांमधील भेद कळतो याचा हा पहिला ठोस पुरावा. १८९४ साली एमिल फिशर यांनी विकर आणि त्याचा रेणू यांना कुलूप-किल्लीची उपमा दिली. पेणच्या वाचकाला कदाचित साचा अधिक जवळचा वाटेल. विकर हा एका सोंडेसाठी घडवलेला साचा आहे; त्या सोंडेचा रेणू त्यात चपखल बसतो, दुसरा अडखळतो.

९/
अडखळतो, पण अजिबात बसत नाही असे मात्र क्वचितच घडते. पुढील सारा इतिहास या बारकाव्यावर उभा आहे. बहुतेक विकरे नको असलेल्या हाताच्या रेणूवरही क्रिया करतात, फक्त सावकाश. वेगांच्या या गुणोत्तराला विकराची निवडक्षमता म्हणू. ती २० असेल तर समान संधी मिळाल्यास आवडत्या रूपावर नावडत्याच्या वीसपट वेगाने क्रिया होते. समान संधी हे शब्द महत्त्वाचे आहेत. भांड्यात आवडते रूप संपत आले आणि नावडते भरपूर उरले की विकराला नाइलाजाने नावडतेच अधिक भेटते. कोणत्या क्षणी विकरासमोर कोणते मिश्रण असावे हे ठरवण्याचे काम भांड्याकडे येते.

१०/
भांड्यांचे तीन मूळ प्रकार लक्षात घ्या. पहिला, बॅच पद्धतीचे भांडे: सर्व माल एकदम भरायचा, ढवळायचा, ठरलेल्या वेळी क्रिया थांबवून सर्व काढायचा. दुसरा, अखंड ढवळते भांडे: एका बाजूने नवा माल सतत आत येतो, दुसऱ्या बाजूने तितकाच बाहेर जातो आणि आतील मिश्रण सर्वत्र एकसारखे राहते. तिसरा, भरलेला स्तंभ: बारीक मण्यांवर विकर पक्के बसवून ते मणी उंच नळीत भरायचे आणि द्रावण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहू द्यायचे. स्तंभात पुढे गेलेले द्रावण मागून येणाऱ्या द्रावणात मिसळत नाही. वेळेच्या प्रवासात बॅच जे भोगते तेच स्तंभ अंतराच्या प्रवासात भोगतो.

११/
न मिसळण्याचे महत्त्व समजून घ्यायला पेणच्या खाडीकाठची मिठागरे उत्तम. भरतीचे पाणी प्रथम बाहेरच्या कप्प्यात घेतात. उन्हाने ते दाट होत गेले की पुढच्या कप्प्यात सोडतात आणि शेवटच्या उथळ कप्प्यांत मीठ धरते. वाटेत चुनखडीयुक्त क्षार आधीच खाली बसतात. मीठ निघाल्यावर उरलेले कडू पाणी, ज्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, बाहेर सोडून दिले जाते. सर्व कप्प्यांचे बांध फोडून पाणी एक केले तर ही क्रमवार निवड कोलमडेल. ताजे पाणी आणि मुरलेले पाणी वेगळे ठेवणे हीच त्या रचनेतील युक्ती होय. या कामाचे ज्ञान पिढ्यान्पिढ्या खाडीकाठच्या आगरी समाजाने जपले आहे.

१२/
आता हेच गणितात पाहू. १००० रेणू घ्या: ५०० उजवे, ५०० डावे. विकराला उजवे आवडते आणि त्याची निवडक्षमता २० आहे. क्रिया उलट फिरत नाही आणि तयार झालेला पदार्थ विकराला अडवत नाही, एवढे गृहीत धरू. एकूण रेणूंपैकी निम्म्यांवर, म्हणजे ५०० रेणूंवर क्रिया झाली की थांबायचे. विकर तेच, माल तोच, थांबण्याची जागाही तीच. बदलणार आहे ते फक्त भांडे.

१३/
बॅच भांड्यात किंवा स्तंभात तयार झालेल्या ५०० रेणूंपैकी सुमारे ४४७ उजवे असतील आणि ५३ डावे. एकाच अखंड ढवळत्या भांड्यात सुमारे ४०९ उजवे आणि ९१ डावे. अशी दोन भांडी एकामागोमाग जोडली तर सुमारे ४२८ उजवे आणि ७२ डावे. भांड्यांची संख्या वाढवत नेली की आकडा ४४७ कडे सरकत जातो; मिठागरात कप्पे वाढवल्यासारखेच. एकट्या अखंड ढवळत्या भांड्यात ही घसरण होण्याचे कारण सरळ आहे. तेथे आत आलेला ताजा माल क्षणात जुन्या मिश्रणात विरून जातो. परिणामी विकराला प्रत्येक क्षणी आवडते रूप विरळ आणि नावडते दाट असेच मिश्रण भेटत राहते.

१४/
हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला तर त्याचे वजन अधिक जाणवते. बॅच भांड्यात २० निवडक्षमतेचे विकर जी शुद्धता देते, ती एकाच अखंड ढवळत्या भांड्यात मिळवायची असेल तर सुमारे ७१ निवडक्षमतेचे विकर लागेल. साडेतीनपट चांगले विकर शोधणे हे जीवरसायनतज्ज्ञाचे कित्येक वर्षांचे काम असू शकते. भांडे चुकीचे निवडले तर ती सर्व कमाई ढवळण्यातच खर्च होते. निवडक्षमता शेकडो किंवा हजारो असेल तेव्हा मात्र हा फरक आक्रसत जातो. २०० निवडक्षमतेला बॅचमध्ये सुमारे ४९० आणि एका ढवळत्या भांड्यात सुमारे ४६७ आवडते रेणू मिळतात.

१५/
हा हिशेब करण्याची साधने दोन निराळ्या विद्याशाखांतून आली. द्रव भांड्यात किती काळ रेंगाळतो याचे शास्त्र पीटर डँकवर्ट्स यांनी १९५३ साली मांडले. केंब्रिजमध्ये त्यांच्याकडे डॉक्टरेट केलेले मनमोहन शर्मा १९६४ मध्ये मुंबईला परतले आणि माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले. १९३३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आज आयसीटी म्हणून ओळखली जाते. शर्मा आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे एल. के. दोराईस्वामी यांनी १९८४ साली विषमांगी क्रियांवर द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरीकडे विकराची निवडक्षमता मोजण्याचे सूत्र चार्ल्स सिह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दिले. भांड्याचे गणित आणि विकराचे गणित असे जवळपास तीन दशकांच्या अंतराने हाती आले.

१६/
कारखान्यांनी मात्र सूत्राची वाट पाहिली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जेसी ग्रीनस्टाइन यांनी डुकराच्या मूत्रपिंडातील अ‍ॅसिलेज विकराने अमिनो आम्लांची दोन रूपे वेगळी करून दाखवली. जपानच्या तानाबे सेयाकू या औषध कंपनीने १९५४ पासून बुरशीतील अ‍ॅमिनोअ‍ॅसिलेज वापरून हेच काम कारखान्याच्या प्रमाणावर सुरू केले. पद्धत बॅचची होती. विकर पाण्यात विरघळलेले असे. प्रत्येक खेपेनंतर ते प्रथिन मालातून काढून टाकावे लागे आणि ते वाया जाई. त्या शुद्धीकरणात माल घटे आणि मनुष्यबळ लागे.

१७/
१९६९ साली इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच विकर मण्यांवर बसवून स्तंभात भरले. पक्क्या बसवलेल्या विकराचा जगातील हा पहिला औद्योगिक वापर. ५० अंश सेल्सिअसला ६५ दिवसांनंतरही विकराची निम्मी शक्ती शिल्लक राही. नंतर मण्यांवर ताजे विकर चढवता येई. एकूण खर्च बॅचच्या सुमारे ६० टक्क्यांवर आला. न वापरलेले रूप तापवून पुन्हा निम्मे-निम्मे करीत आणि स्तंभात परत पाठवीत. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. या विकराची निवडक्षमता मुळातच फार मोठी असल्याने स्तंभामुळे शुद्धता वाढली असे म्हणता येत नाही. लाभ झाला तो विकराच्या पुनर्वापराचा, अखंड कामाचा आणि वाचलेल्या शुद्धीकरणाचा.

१८/
यावरून स्तंभ सर्वत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, आणि त्याचे उदाहरण घाटावर, पिंपरीला सापडते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनपासून अ‍ॅम्पिसिलिनसारखी नवी औषधे बनवायची तर आधी त्याची एक शाखा तोडावी लागते. हे काम पेनिसिलिन अ‍ॅसिलेज करते. पिंपरीच्या कारखान्यात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विकरावर दीर्घकाळ संशोधन झाले. ही क्रिया स्वतः उजव्या-डाव्याच्या विलगीकरणाची नव्हे. परंतु हेच विकर योग्य शाखा जोडलेल्या अमिनो आम्लांतील डावे रूप निवडते, म्हणून ते आपल्या कथेचे जवळचे नातलग आहे.

१९/
पेनिसिलिन तुटताना आम्ल सुटते. द्रावण आम्लधर्मी झाले की विकराचा वेग मंदावतो. ढवळत्या भांड्यात यावर उपाय सोपा आहे: क्षारक थेंबाथेंबाने सोडत राहायचे आणि पीएच ८ च्या आसपास स्थिर ठेवायचा. उंच स्तंभात मात्र मधल्या मण्यांपर्यंत क्षारक पोचवणार कसे? खालच्या टोकाला जाता जाता द्रावण अधिकाधिक आम्लधर्मी होत जाते. ढवळत्या भांड्यालाही किंमत आहेच. दांड्याच्या माऱ्याने विकराचे मणी झिजतात, फुटतात आणि गाळणीत अडकतात. निवडक्षमता, आम्लता, मण्यांचे आयुष्य, पंपाचा दाब अशा अनेक अंगांचा तोल साधूनच भांड्याची निवड होते.

२०/
पडदा असलेले भांडे हा तिसरा पंथ. १९८० च्या दशकाच्या आरंभी ख्रिस्टियन वांड्रे आणि मारिया-रेगिना कुला यांच्या संशोधनाच्या आधारे जर्मनीच्या डेगुसा कंपनीने असे भांडे वापरात आणले. विकर द्रावणात मोकळे, पण सूक्ष्म छिद्रांचा पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही; लहान रेणू पार होतात. डिल्टियाझेम या हृदयविकाराच्या औषधातील मध्यवर्ती द्रव्यासाठी पोकळ तंतूंचा पडदा वापरला गेला. तंतूंच्या एका बाजूस टोल्युइन, दुसऱ्या बाजूस पाणी आणि छिद्रांत लायपेज हे विकर. नको असलेल्या रूपापासून तयार होणारा अल्डिहाइड विकराला मारक असतो. पाण्यातील बायसल्फाइट त्याला लगेच बांधून नेतो. येथे भांड्याने विकराचे प्राण वाचवले असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

२१/
आता रायगडात परतू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. धाटावची वसाहत १९७० च्या दशकात आकाराला आली, आणि रंग, रंगद्रव्ये, औषधांची मूलद्रव्ये यांचे कारखाने तेथे उभे राहिले. या जागेला पाण्याचा भक्कम आधार होता: भिरा येथील टाटांच्या जलविद्युत केंद्रातून १९२७ पासून बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येते, त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते. त्याच काळात कायदाही बदलला. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या रेणूवर पेटंट मिळेना, केवळ तो बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळू लागले. २००५ पर्यंत ही स्थिती टिकली. या तीन दशकांत भारतीय औषध उद्योगाचे खरे भांडवल प्रक्रियेचे ज्ञान हे होते, आणि प्रक्रिया म्हणजे बव्हंशी भांडे व त्याची चाल.

२२/
धाटावसारख्या वसाहतींत बॅच भांडेच का रुजले, याचे उत्तर या पार्श्वभूमीवर मिळते. एकाच भांड्यात या महिन्यात एक माल आणि धुऊन-पुसून पुढच्या महिन्यात दुसरा माल काढता येतो. मागणी लहान आणि बदलती असेल तेव्हा ही लवचिकता मोलाची ठरते. बॅच म्हणजे मागासलेपण असे पुष्कळदा मानले जाते. वरील आकडे वेगळे सांगतात. मध्यम निवडक्षमतेच्या विकरासाठी साधे बॅच भांडे आधुनिक स्तंभाइतकीच शुद्धता देते आणि एकट्या अखंड ढवळत्या भांड्याला सहज मागे टाकते. २००४ साली माटुंग्याच्या गणपती यादव आणि त्यांच्या सहकाऱ्याने मँडेलिक आम्लाच्या दोन रूपांचे विकराद्वारे विलगीकरण प्रसिद्ध केले. अशा अभ्यासांचा प्राथमिक पाया ढवळते बॅच भांडे हाच असतो.

२३/
१९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कायरल औषधांविषयी धोरण जाहीर केले. नव्या औषधातील प्रत्येक रूपाचा स्वतंत्र विचार करणे उत्पादकांना भाग पडले. विलगीकरणाची गरज जगभर वाढली. जुन्या वाटाही बंद झाल्या नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबावरील औषधाची दोन रूपे टार्टारिक आम्लाच्या साहाय्याने वेगळी करण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी विकसित केली. पाश्चर यांच्या भिंगाखालील त्याच आम्लाचा हा दीडशे वर्षांनंतरचा पुनर्प्रवेश.

२४/
या हिशेबात एक रक्कम नेहमी उरते: नको असलेला अर्धा भाग. निम्मा माल कामाचा, निम्मा निरुपयोगी. शिवाय शुद्धता कमी पडली तर पुन्हा स्फटिकीकरण, पुन्हा द्रावक, पुन्हा धुण्याचे पाणी. तानाबेच्या कारखान्याप्रमाणे नको असलेले रूप परत फिरवता आले तर कचरा घटतो. अन्यथा त्या ओझ्याची वाट सांडपाण्याकडे जाते. ५३ आणि ९१ यांतील अंतर कागदावर लहान दिसते. टनांच्या प्रमाणावर तेच अंतर वाढीव द्रावक आणि वाढीव सांडपाणी होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आलेले आहे. रासायनिक वसाहत असलेल्या कोणत्याही नदीच्या काठी भांड्याची निवड हा कारखान्याच्या भिंतीआड राहणारा विषय नसतो. खाडीत जाळे टाकणाऱ्याचाही त्याच्याशी संबंध पोचतो.

२५/
इतिहासलेखनात या भांड्यांना स्थान कमी मिळाले. पाश्चर यांचे नाव शालेय पुस्तकात असते. थानच्या कारखान्यातील कढया, तानाबेचे स्तंभ, पिंपरीची ढवळती भांडी तेथे नसतात. शोधाला तारीख आणि शोधकर्ता असतो, त्यामुळे त्याचा इतिहास लिहिणे सोपे जाते. भांड्याचे ज्ञान अनेकांच्या हातांत विखुरलेले असते. कोणत्या टप्प्यावर ढवळण्याचा वेग कमी करायचा, फेस येऊ लागला की काय करायचे, क्षारक सोडताना काटा किती हलला की हात आवरायचा, हे पाळीवरच्या ऑपरेटरला ठाऊक असते. ते बॅच शीटवर एखाद्या ओळीत उमटते आणि मुदत संपली की ते कागद रद्दीत जातात.

२६/
म्हणून पेण, रोहे, नागोठणे परिसरातील तरुण वाचकांना एक विनंती. आपण गडांची मोजमापे घेतो, मोडी कागद वाचतो, वीरगळांची नोंद करतो. तीच शिस्त या साधनांनाही लावावी. १९७० आणि ८० च्या दशकांत धाटावमध्ये कामाला लागलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. त्यांच्याशी बोला: भांडे कोणत्या धातूचे होते, किती लिटरचे होते, कोणता माल एकाच भांड्यात आणि कोणता स्वतंत्र भांड्यात घेत, बॅचला किती तास लागत, धुण्याचे पाणी कुठे जाई. मिठागरात काम केलेल्या वडीलधाऱ्यांना कप्प्यांचा क्रम आणि त्यांची स्थानिक नावे विचारा. जुनी छायाचित्रे, वसाहतीचे नकाशे, प्रशिक्षणाच्या वह्या यांच्या प्रती जपा. मुलाखतीत तारीख, गाव आणि सांगणाऱ्याची संमती नोंदवायला विसरू नका.

२७/
सारांश एवढाच. विकर दोन हातांमधील भेद ओळखते. त्या ओळखीचा किती भाग अंतिम मालात उतरेल हे भांडे ठरवते. ही गोष्ट मिठागरातील कप्प्यांना लागू आहे, तानाबेच्या स्तंभाला लागू आहे आणि धाटावच्या बॅच भांड्यालाही. आपल्या घरात किंवा शेजारी अशा कारखान्यात काम केलेले कोणी असेल, तर त्यांची आठवण, त्यांच्या संमतीने, या धाग्याखाली अवश्य लिहावी. पुढील धागा कोलाबा जिल्ह्यातील मिठावरील कर आणि मिठागरांच्या हिशेबवह्यांविषयी असेल.